मोटारगाडीतील अधूनमधून येणाऱ्या सेन्सर-कोडचे निदान

चेक इंजिनचा दिवा लागतो, गाडी एखादा झटका देते किंवा बंदच पडते, आणि गॅरेजात पोचेपर्यंत सगळे सुरळीत झालेले असते. अशा वेळी इंजिनाच्या संगणकाने (ईसीयू) साठवलेल्या कोडला अधूनमधून येणारा कोड म्हणतात. कायमचा बिघडलेला सेन्सर मीटर लावताच सापडतो. इथे मात्र तपासाच्या वेळी दोष हजरच नसतो. म्हणून दोष पुन्हा घडवून आणणे आणि तो घडत असतानाच मोजणे, हा या निदानाचा गाभा आहे. कोडमध्ये सेन्सरचे नाव असले तरी दोष त्या संपूर्ण सर्किटमध्ये कुठेही असू शकतो: सेन्सर, कपलर (तारा जोडणारा प्लग), तार, अर्थिंग किंवा पुरवठा. स्कॅनर (ईसीयूतले कोड वाचणारे यंत्र) लावून नाव वाचायचे आणि तो सेन्सर बदलायचा, ही पद्धत चुकीची आहे. नवा सेन्सर बसवताना कपलर हलतो, सैल पिन तात्पुरती जुळते आणि आठवड्याभराने तोच कोड परत येतो.

कोडचे वाचन

गाडीने स्वतःचे दोष ओळखून कोड साठवण्याच्या प्रणालीला ओबीडी म्हणतात. अमेरिकेत १९९६ च्या मॉडेलांपासून ओबीडी-२ प्रणाली सक्तीची झाली. भारतात बीएस-४ (प्रदूषण मानक) गाड्यांना एप्रिल २०१० पासून ओबीडी-१ आणि एप्रिल २०१३ पासून ओबीडी-२ लागू झाली. स्कॅनरचा १६ पिनांचा सॉकेट बहुधा स्टिअरिंगखाली असतो. त्यातील १६ क्रमांकाच्या पिनेवर बॅटरीचा पुरवठा आणि ४ क्रमांकाच्या पिनेवर चासीचे अर्थिंग असते. स्कॅनर सुरूच होत नसेल तर आधी या दोन पिना व त्यांचा फ्यूज पाहावा.

सेन्सरच्या प्रमाणित कोडांत एक उपयोगी क्रम दिसतो. शीतकाच्या (कूलंट) तापमानाचे कोड पी-०११५ ते पी-०११९ आहेत: पहिला सर्किटमधल्या दोषाचा, दुसरा न पटणाऱ्या वाचनाचा, तिसरा कमी व्होल्टेजचा, चौथा जास्त व्होल्टेजचा आणि पाचवा अधूनमधून येणाऱ्या दोषाचा. हवेच्या प्रवाहाचे पी-०१०० पासूनचे, थ्रॉटलचे (हवेच्या झडपेचे) पी-०१२० पासूनचे आणि क्रँक सेन्सरचे (क्रँकशाफ्टचे फिरणे टिपणाऱ्या सेन्सरचे) पी-०३३५ पासूनचे कोड याच क्रमाने चालतात. तरीही बऱ्याच गाड्यांचे ईसीयू पाचवा कोड देतच नाहीत. क्षणभर तुटलेली तार तिथे ‘जास्त व्होल्टेज’ म्हणून नोंदली जाते, त्यामुळे पाचवा कोड नाही म्हणून दोष कायमचा आहे असे समजू नये.

अनेक दोष पहिल्या फेरीत (इंजिन सुरू करून गाडी चालवून बंद करेपर्यंतच्या काळात) फक्त ‘प्रलंबित’ राहतात आणि लगतच्या फेरीत पुन्हा दिसले तरच पक्के होऊन दिवा लागतो. दिवा नसला तरी प्रलंबित कोड वाचावेत. कोड उडवण्याची घाई करू नये आणि बॅटरीची तारही काढू नये. कोडसोबत साठलेली ‘फ्रीझ फ्रेम’ त्याबरोबर नष्ट होते, आणि तोच या तपासातला सर्वांत मोलाचा पुरावा असतो. दोष पकडला गेला त्या क्षणीचे आरपीएम (इंजिनाचे मिनिटाला होणारे फेरे), वेग, इंजिनावरचा भार आणि शीतकाचे तापमान तिच्यात असते. तापमान ३० अंश आणि वेग शून्य असेल तर दोष थंड इंजिन सुरू करतानाचा. तापमान ९० आणि वेग ६० असेल तर उष्णता किंवा कंपन हे पहिले संशयित. पाऊस होता का, गाडी नुकतीच धुतली होती का, टाकी भरली होती का, हे फ्रेममध्ये नसते. ते चालवणाऱ्यालाच विचारावे लागते.

आधी बॅटरी आणि अर्थिंग

विश्रांत बॅटरीचे व्होल्टेज १२.६ च्या आसपास, सेल्फ मारताना ९.६ च्या वर आणि इंजिन चालू असताना साधारण १३.५ ते १४.७ असावे. सेल्फ मारताना ते याहून खाली गेले तर एकमेकांशी संबंध नसलेले तीन-चार कोड एकदम येऊ शकतात. त्यानंतर इंजिन चालू, हेडलाइट व ब्लोअर चालू ठेवून बॅटरीचे ऋण टोक आणि इंजिन ब्लॉक यांच्यामधला व्होल्टेज ड्रॉप मोजावा. तो ०.१ व्होल्टच्या आत हवा. ओहममीटर इथे फसवतो: वीस पदरांपैकी एकच पदर शाबूत असलेली तारही त्याला चांगली वाटते, पण भार पडताच तिच्यातून प्रवाह नीट जात नाही.

तापमान सेन्सर: तारेचा दोष की सेन्सरचा

दोन तारांच्या तापमान सेन्सरला ईसीयू आतल्या रोधकातून ५ व्होल्ट देतो. सेन्सर गरम होतो तसा त्याचा रोध घटतो: २० अंशांना साधारण २ ते ३ किलोओहम, तर ८० अंशांना सुमारे ३०० ओहम. तार तुटली तर ईसीयूला पूर्ण ५ व्होल्ट दिसतात आणि स्कॅनरवर तापमान उणे ४० उमटते. मुंबईत भर दुपारी उणे ४० दिसले तर सर्किट खुले आहे, दुसरा अर्थ नाही. तपासासाठी कपलर काढावा. वाचन उणे ४० वर गेले पाहिजे. मग कपलरच्या दोन्ही पिना तारेच्या तुकड्याने जोडाव्यात. वाचन १२० अंशांच्या वर उडी मारते. दोन्ही झाले तर तारा व ईसीयू ठीक असून दोष सेन्सरमध्ये किंवा त्याच्या पिनांच्या पकडीत आहे. काही ईसीयू दोष दिसताच ठरावीक बदली तापमान दाखवतात. तिथे कपलरवरचे व्होल्टेजच मोजावे. ही जोडणी फक्त दोन तारांच्या तापमान सेन्सरवर करावी; तीन तारांच्या सेन्सरवर ५ व्होल्टचा पुरवठाच शॉर्ट होऊ शकतो.

क्रँक सेन्सर

गाडी चालत्या रस्त्यात बंद पाडणारा हा सेन्सर आहे. अनेक इंजिनांत त्याच्यासमोर ६० पैकी २ दाते वगळलेले चक्र फिरते. ८०० आरपीएमला एका दात्याची जागा सव्वा मिलिसेकंदात निघून जाते. एवढ्या काळासाठी सिग्नल तुटला तर साधा मल्टिमीटर काहीच दाखवत नाही, कारण त्याचे आकडे सेकंदाला जेमतेम तीन-चार वेळा बदलतात. इथे ऑसिलोस्कोपच (व्होल्टेजची लाट पडद्यावर दाखवणारे उपकरण) लागतो. त्यावर दात्यांच्या सलग लाटांमधली पोकळी डोळ्यांना दिसते.

ठरलेले लक्षण असे: वीस-तीस मिनिटे चालल्यावर इंजिन बंद पडते, थंड झाल्यावर काही न करता सुरू होते. आतल्या गुंडाळीची तार उष्णतेने प्रसरण पावून तुटते आणि गार झाली की पुन्हा चिकटते. म्हणून गाडी बंद पडलेली असतानाच सेल्फ मारून स्कॅनरवर आरपीएम पाहावा. इंजिन फिरत असूनही आकडा शून्य असेल तर सिग्नल पोचत नाही. सेन्सरवर ओले फडके ठेवताच गाडी सुरू झाली तर संशय पक्का होतो. दोन तारांच्या चुंबकीय सेन्सरचा रोध गरम असताना मोजावा. तीन तारांच्या हॉल सेन्सरचा (आत इलेक्ट्रॉनिक सर्किट असलेल्या सेन्सरचा) रोध मोजून उपयोग नाही. तिथे पुरवठा, अर्थिंग आणि सिग्नलची चढ-उतार पाहावी.

वायरिंग

कोकणातला पावसाळा, उंदरांनी कुरतडलेल्या तारा आणि हॉर्न, फॉग लॅम्प किंवा सीएनजी किट बसवताना मूळ तारेला मारलेले कट, हे इकडच्या गाड्यांत वारंवार सापडतात. इंजिन चालू ठेवून स्कॅनरवर त्या सेन्सरच्या आकड्याचा आलेख लावावा आणि वायरिंग हाताने हळूहळू, वीतभर-वीतभर हलवत जावे. आलेख उडी मारेल तिथे थांबावे. स्कॅनरवर एका वेळी दोन-तीनच आकडे निवडावेत. जास्त निवडले की प्रत्येकाचे वाचन मंदावते. हलवून काही झाले नाही तर कपलर हेअर ड्रायरने तापवावा, नंतर त्यावर पाण्याचा फवारा मारावा.

कपलर उघडल्यावर हिरवट गंज दिसतो. पिनेची सैल पकड दिसत नाही. तिच्यासाठी त्याच मापाची सुटी नर पिन प्रत्येक मादी पिनेत घालून ओढावी. एखादी सहज निसटली तर ती बदलावी. तारेला सुई टोचून मोजू नये. त्या छिद्रातून पाणी शिरून सहा महिन्यांनी नवा दोष तयार होतो. प्रोब कपलरच्या मागच्या बाजूने घालावा.

एकाच वेळी अनेक सेन्सरचे कोड आले तर त्यांचा सामाईक ५ व्होल्ट पुरवठा तपासावा. एका सेन्सरमधला शॉर्ट सगळ्यांचे व्होल्टेज खाली ओढतो. एकेक कपलर काढत जावे. जो काढताच ५ व्होल्ट परत येतात, दोष त्याच शाखेत.

तुटलेली तार पिळून वर चिकटपट्टी लावणे ही दुरुस्ती नव्हे. योग्य मापाचा क्रिंप (तारांची टोके दाबून जोडणारी धातूची नळी) आणि आतून चिकट द्रव्य असलेली, तापवताच आवळणारी हीट-श्रिंक नळी वापरावी. क्रँक सेन्सरच्या तारा एकमेकींत पिळलेल्या असतील तर तो पीळ कायम ठेवावा आणि त्या इग्निशनच्या तारांपासून दूर न्याव्यात. एअरबॅगच्या पिवळ्या कपलरना हात लावू नये.

दुरुस्तीनंतर कोड उडवून गाडी फ्रीझ फ्रेममधल्याच तापमानाला, वेगाला व भाराला चालवावी आणि दोन-तीन फेऱ्यांनंतर प्रलंबित कोड पुन्हा वाचावेत. कोड उडवला नाही तरी लागोपाठ तीन निर्दोष फेऱ्यांनंतर दिवा आपोआप विझतो; साठलेला कोड मात्र साधारण ४० वेळा इंजिन गरम होऊन गेल्यावरच पुसला जातो.