उन्हाळी संशोधन इंटर्नशिप (वनस्पतिशास्त्र व संवर्धन)

पदवीच्या विद्यार्थ्याने उन्हाळी सुटीत साधारण सहा ते दहा आठवडे संशोधकाच्या हाताखाली राहून वनस्पतींविषयीचा एखादा मर्यादित प्रश्न स्वतः हाताळण्याच्या व्यवस्थेला उन्हाळी संशोधन इंटर्नशिप म्हणतात. वर्गातील प्रात्यक्षिकाचे उत्तर जर्नलमध्ये, म्हणजे प्रात्यक्षिकाच्या वहीत, आधीच ठरलेले असते. येथे ते मार्गदर्शकालाही ठाऊक नसते. अमेरिकेत नॅशनल सायन्स फाउंडेशनने १९८७ मध्ये अशा कामासाठी विद्यावेतनासह स्वतंत्र योजना सुरू केली. भारतात बंगळुरू, नवी दिल्ली व प्रयागराज येथील तीन विज्ञान अकादमींची संयुक्त उन्हाळी फेलोशिप विद्यार्थ्यांच्या विशेष परिचयाची आहे.

नागपुरात विद्यापीठाचा वनस्पतिशास्त्र विभाग आणि १९५८ मध्ये स्थापन झालेली, आज नीरी म्हणून ओळखली जाणारी राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्था आहे. शिवाय कापूस व लिंबूवर्गीय फळे यांवरील केंद्रीय संशोधन संस्थाही येथेच आहेत. मात्र शेवटच्या दोन संस्थांचा भर पिकांवर असल्याने रानटी वनस्पतींच्या संवर्धनाचे काम करू इच्छिणाऱ्याला गोरेवाडा, पेंच, उमरेड-कऱ्हांडला अशा जंगलांकडे वळावे लागते.

आणि येथे सुटीचे वेळापत्रक आड येते. शिकागो परिसरातील प्रेअरी गवताळ प्रदेशात जून ते ऑगस्ट हा बहराचा काळ असतो, त्यामुळे तिकडे उन्हाळा आणि वनस्पतींचे क्षेत्रकार्य यांचा मेळ आपोआप बसतो. विदर्भातील शुष्क पानझडी जंगलात मे महिन्यात बहुतेक हंगामी वनस्पती जमिनीवर दिसतच नाहीत, पळसाचा बहर केव्हाच ओसरलेला असतो आणि नवतप्यात, म्हणजे मेअखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत, पारा ४५ अंशांच्या घरात असतो. म्हणून जाणता मार्गदर्शक या दिवसांत गवतांची यादी करायला सांगत नाही. तो साग, ऐन, धावडा, तेंदू, मोह यांच्याकडे, त्यांच्या पालवीच्या व फळांच्या नोंदींकडे आणि बियांकडे विद्यार्थ्याला वळवतो. काम पहाटे सुरू होऊन नऊ-साडेनऊला आटोपते आणि दुपार कूलरसमोर मोजमापे वहीतून संगणकावर चढवण्यात जाते.

झाडाचा घेर मोजणे सोपे वाटते, पण चुका तेथेच होतात. भारतीय वनव्यवहारात तो जमिनीपासून १.३७ मीटर उंचीवर घेतात. उतारावर ही उंची चढाच्या बाजूने धरायची असते आणि तेथेच गाठ असेल तर टेप तिच्यावर न लावता गाठीचा परिणाम संपतो तेथे लावावा लागतो. ऐनाची मगरीच्या पाठीसारखी भेगाळलेली साल हातात आली, की टेप तिरपा बसतो आणि तोच घेर दोघांच्या वहीत वेगवेगळा उतरतो. बियांच्या कामात घाई वेगळ्याच कारणाने असते: मोहाचे बी फार काळ जिवंत राहत नसल्याने ते पडल्यावर लवकर पेरावे लागते, तर सागाचे कठीण कवचाचे फळ आलटून पालटून भिजवून आणि वाळवून घेतल्याखेरीज नीट रुजत नाही.

नमुना दाबून वाळवणे मे महिन्यात सोपे, जुलैत कष्टाचे. पावसाळी हवेत टिपकागद वेळेवर बदलले नाहीत तर बुरशी धरते. फुलाचा रंग वाळताना उडतो, त्यामुळे तो जागेवरच लिहून ठेवावा लागतो आणि स्थळ, तारीख व संग्राहकाचा क्रमांक नसलेला नमुना कितीही देखणा असला तरी अभ्यासाला फारसा उपयोगी पडत नाही.

अभयारण्यातील अभ्यासासाठी वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ च्या कलम २८ नुसार परवानगी घ्यावी लागते. अर्ज सुटी लागल्यावर केला, तर परवाना हाती येईतो सुटी संपत आलेली असते. तो हिवाळ्यातच करणे शहाणपणाचे.

विद्यावेतनाचा प्रश्न मात्र सोडवलेला नाही. बिनपगारी इंटर्नशिप शहरात घर असलेल्याला परवडते, पण तेंदूपत्त्याच्या हंगामात घरच्यांसोबत जंगलात जाणारा आणि झाडे पानांवरूनच नव्हे तर सालीवरूनही ओळखणारा गडचिरोलीचा किंवा गोंदियाचा विद्यार्थी खोलीभाडे व मेसचा खर्च पाहून अर्जच करत नाही.