मोहरी आधी, व्हिनेगर नंतर

कोरडी मोहरी मूठभर घ्या आणि हुंगून पाहा. वास जवळजवळ नसतोच. तीच खलबत्त्यात कुटा, चमचाभर थंड पाणी घाला आणि फेसायला लागा. पहिलं अर्धं मिनिट काहीच घडत नाही. मग रंग उजळतो, कडेला फेस धरतो आणि एकदम असा झणका नाकात जातो की मान मागे घ्यावी लागते. माझी आजी म्हणायची, ‘चढली बघ मोहरी.’ कैरीच्या लोणच्यात आणि दह्यातल्या काकडीच्या कोशिंबिरीत तिची मोहरी अशीच चढलेली असे.

मोहरीच्या दाण्यात सिनिग्रिन नावाचं एक रसायन असतं आणि मायरोसिनेज नावाचं एक विकर, म्हणजे एन्झाइम. दोघं वेगवेगळ्या कप्प्यांत राहतात. किड्याने दाणा चावला किंवा आपण तो कुटला की भिंती फुटतात, दोघं भेटतात, आणि पाण्याच्या मदतीने सिनिग्रिन तुटून अ‍ॅलिल आयसोथायोसायनेट तयार होतं. नाकात जातं ते हे. वनस्पतीसाठी ते शस्त्र आहे, आपल्यासाठी चव.

आता यातली खुबी क्रमात आहे. विकर हे प्रथिन असल्यामुळे उकळतं पाणी घातलंत तर ते निकामी होतं आणि मोहरी नुसती कडवट लागते. सुरुवातीलाच व्हिनेगर ओतलंत तर आम्लात विकराचं काम मंदावतं. म्हणून आधी थंड पाणी, मग दहा मिनिटं धीर, आणि झणका भरात आला की व्हिनेगर. नुसत्या पाण्यात हा झणका काही तासांत विरून जातो. आम्ल मात्र त्याला बराच काळ धरून ठेवतं. तेच व्हिनेगर आधी आलं तर आडवं येतं आणि नंतर आलं तर राखण करतं!

हे सगळं मला आठवतं ते न्यू ऑर्लिन्सच्या एका थंड कोळंबीच्या पदार्थामुळे. अमेरिकेच्या लुइझियाना राज्यातलं हे बंदर 1718 साली फ्रेंचांनी वसवलं. पुढे तिथे स्पॅनिश राजवट आली. गुलाम म्हणून आणलेल्या आफ्रिकी लोकांच्या हातची चव त्यात मिसळली आणि जो स्वयंपाक घडला त्याला क्रिओल म्हणतात. फ्रान्समधला रेमुलाद हा मेयोनेजवर आधारलेला पांढरा सॉस. न्यू ऑर्लिन्समध्ये त्याने लाल रूपही घेतलं: मोहरी, पॅप्रिका, केयेन मिरची, कांद्याची पात, सेलेरी, व्हिनेगर, तेल. 1918 साली सुरू झालेल्या ‘आर्नोज’ या रेस्टॉरंटात हा सॉस लावलेली कोळंबी आजही मिळते. तिथली मोहरी तपकिरी दाण्यांची, जाडसर, व्हिनेगरमध्ये मुरवलेली असते, त्यामुळे चव आंबट आणि झणका बेताचा. पुष्कळजण सॉसमध्ये हॉर्सरॅडिश नावाचं झणझणीत मूळ किसून घालतात. या मुळातही सिनिग्रिनच असतं! व्हिनेगरने दबलेला झणका दुसऱ्या वाटेने परत आणण्याची ही युक्ती मला फार सुंदर वाटते.

मोहरी आणि मिरची दोन्ही तिखट, पण मोहरीचा रेणू उडून नाकात शिरतो आणि क्षणात ओसरतो. मिरचीतलं कॅप्सेसिन उडत नाही. ते तेलात विरघळतं आणि जिभेवर रेंगाळतं. उष्णता जाणवून देणाऱ्या ज्या ग्राहीला (मज्जातंतूंवरच्या, संवेदना टिपणाऱ्या प्रथिनाला) ते चेतवतं, त्याच्या शोधात शास्त्रज्ञ डेव्हिड ज्युलियस यांचा मोठा वाटा होता आणि 2021 च्या नोबेल पारितोषिकात त्यांचं नाव होतं. सॉसमध्ये दोन्ही असले की पहिल्या घासाला मोहरी बोलते आणि गिळल्यावर मिरची.

कोळंबीचं तंत्र सोपं आहे, पण तिथे लक्ष हवंच. काळा दोरा काढून कोळंबी सालासकट ठेवा. पाण्यात मीठ, लिंबू, मिरपूड, मिरची घालून उकळा, कोळंबी टाका आणि आच बंद करा. करडी कोळंबी नारिंगी होताना पाहण्यासारखी असते. तिच्यात अ‍ॅस्टॅझँथिन हे नारिंगी रंगद्रव्य आधीपासूनच असतं, फक्त प्रथिनांच्या मिठीत त्याचा रंग बदललेला असतो. उष्णतेने प्रथिनं उलगडतात आणि रंग मोकळा होतो. (लॉब्स्टरच्या निळ्या कवचातल्या अशा प्रथिनाची रचना क्ष-किरणांनी उलगडली ती 2002 साली.) कोळंबी अर्धचंद्रासारखी वाकली की बर्फाच्या पाण्यात टाकायची. वळून बांगडीसारखी झाली तर स्नायूंतलं पाणी पिळून निघालेलं असतं आणि ती रबरासारखी लागते. मग सोलून फडक्याने कोरडी करा. ओल्या कोळंबीवर सॉस टिकत नाही, घसरून तळाशी जातो.

एक गोष्ट कळकळीने सांगतो. लिंबाच्या रसात कच्ची कोळंबी पांढरी पडते, शिजल्यासारखी दिसते, कारण आम्लानेही प्रथिनं उलगडतात. पण उबदार समुद्रातले व्हिब्रिओसारखे जिवाणू त्याने मरतीलच असं नाही. घरी कोळंबी शिजवूनच घ्या.

सोबत टोमॅटो घालणार असाल तर बियांभोवतीचा गर फेकू नका. टोमॅटोतलं ग्लुटामेट, म्हणजे चव खुलवणारं द्रव्य, बाहेरच्या मांसल भागापेक्षा त्या गरात जास्त असतं. कोळंबीतल्या न्यूक्लिओटाइड नावाच्या अशाच द्रव्यांशी त्याची गाठ पडली की दोघांची चव बेरजेपेक्षा जास्त होते. मीठही जरा चढं हवं, कारण गार पदार्थाचा वास कमी उठतो आणि चव फिकी वाटते. कोथिंबीर किंवा लेट्यूस मात्र अगदी शेवटी. पानावरचं मेण पाण्याला अडवतं, तेलाला नाही. तेल आत झिरपलं की पान मलूल होतं.

आणि भेंडी. लुइझियानातल्या गम्बो या रश्श्याचं नाव भेंडीच्या आफ्रिकी नावावरूनच आलं असं मानतात. ही भाजी तिकडे आफ्रिकी लोकांबरोबर पोचली. तिचं थंड सॅलडही करतात: कोवळी भेंडी देठ न कापता, अख्खी, मिठाच्या पाण्यात चार-पाच मिनिटं उकडायची, म्हणजे चिकट रस आतच राहतो. वर व्हिनेगर-तेल-मोहरी. आम्लाने बुळबुळीतपणा कमी होतो. आपण भेंडीच्या भाजीत आमसूल टाकतो ते याचसाठी. पण आम्लात हरितद्रव्यातला मॅग्नेशियम निघून जातो आणि हिरवा रंग शेवाळी होतो. म्हणून भेंडी आधी गार करून ठेवा, मोहरीचं मिश्रण वेगळ्या वाटीत ठेवा, आणि पानं वाढायला घेतली की मगच दोन्ही एकत्र करा.