पितृत्व रजेचा खर्च कोणाच्या खात्यावर?

केंद्र सरकारच्या पुरुष कर्मचाऱ्यांना 15 दिवसांची पगारी पितृत्व रजा पाचव्या वेतन आयोगानंतर, 1997 मध्ये मिळाली. दोनपेक्षा कमी हयात अपत्ये असलेल्या कर्मचाऱ्याला ती बाळंतपणाच्या आधीच्या पंधरवड्यापासून पुढे सहा महिन्यांपर्यंत घेता येते आणि ती त्याच्या शिल्लक रजेतून वजा होत नाही. वेतन ठरलेलेच असते, पंधरवड्यासाठी बदली माणूस सहसा नेमला जात नाही आणि राहिलेले काम सहकारी वाटून घेतात. म्हणून हा खर्च कुठल्या लेखाशीर्षाखाली उठून दिसत नाही. रजा तीन महिन्यांची केली, तर मात्र शिक्षक, परिचारक किंवा लोको पायलट यांच्या जागी कोणाला तरी नेमावेच लागेल आणि तिजोरीवरचा खरा भार तिथून सुरू होईल.

खासगी क्षेत्रात अशा रजेचे पैसे कोणी द्यायचे, या वादाचे मूळ मातांच्या रजेत आहे. 1948 च्या राज्य कामगार विमा कायद्याने प्रसूतीकाळातील वेतनाची भरपाई मालक आणि कामगार या दोघांच्या वर्गणीतून उभ्या राहिलेल्या निधीवर सोपवली, तर 1961 च्या प्रसूती लाभ कायद्याने ती पूर्णपणे मालकावर टाकली. 2017 मध्ये रजा 12 आठवड्यांवरून 26 आठवड्यांवर गेली, पण पैसे देणारा तोच राहिला. मालक स्त्रियांना नोकरी देणेच टाळतील ही भीती इतकी खरी होती, की 2018 मध्ये 15,000 रुपयांपर्यंत वेतन असलेल्या स्त्रियांच्या बाबतीत सात आठवड्यांचे वेतन मालकाला परत करण्याची योजना श्रम मंत्रालयानेच मांडली. तिचा अंदाजित खर्च सुमारे 400 कोटी रुपये होता. आधी हक्क आणि मग पैशाची सोय, हा क्रम मुळातच चुकला होता. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या 2000 च्या मातृत्व संरक्षण करारात असा भार एकट्या मालकावर नसावा असे म्हटले आहे, पण भारताने त्या कराराला मान्यता दिलेली नाही.

हिंगोलीचे तत्कालीन खासदार राजीव सातव यांनी 2017 मध्ये लोकसभेत मांडलेले पितृत्व लाभाचे अशासकीय विधेयक या दृष्टीने फार महत्त्वाचे वाटते. रजा 15 दिवसांची, आणि ती तीन महिन्यांपर्यंत वाढवण्याची मुभा, एवढेच त्यात नव्हते. कामगार, मालक आणि केंद्र सरकार या तिघांनी ठरावीक प्रमाणात भरायच्या निधीची तरतूदही होती. विधेयक मंजूर झाले नाही. 2020 च्या सामाजिक सुरक्षा संहितेने मातांच्या 26 आठवड्यांच्या रजेचे वेतन मालकाकडेच ठेवले आणि वडिलांसाठी पगारी रजेचे एकही कलम घातले नाही.