मिक्सोमॅटोसिस झालेल्या सशाची शुश्रूषा: आधी नाक, मग ऊब, मग पोट

सशाच्या पापण्या एका रात्रीत सुजतात. आदल्या दिवशी डोळ्यांना जरासं पाणी होतं, सकाळी पाहावं तर कडा लाल, फुगलेल्या आणि दुधाळ चिकट स्रावाने मिटलेल्या. इंग्लंडमध्ये उन्हाळ्याच्या अखेरीस असा ससा दवाखान्यात आला, की पशुवैद्य लगेच त्याची शेपटी उचलून बघतात. जननेंद्रियाभोवतीची कातडीही तशीच सुजली असेल तर निदान जवळपास झालंच: मिक्सोमॅटोसिस, म्हणजे सशांना विषाणूमुळे होणारा एक रोग. नुसते डोळे वाहत असतील तर दाढेच्या मुळाचं किंवा अश्रुनलिकेचं दुखणं असू शकतं. नुसती खालची जागा सुजली असेल तर सशांमधला उपदंशही असू शकतो, आणि तो पेनिसिलिनच्या इंजेक्शनांनी बरा होतो. दोन्हीकडे एकदम सूज आली, की काळजीचं कारण आहे.

हा विषाणू देवीच्या विषाणूच्याच कुळातला. ज्युसेप्पे सानारेल्ली या इटालियन शास्त्रज्ञाने १८९६ मध्ये उरुग्वेतल्या मोंटेव्हिडिओ इथे प्रयोगशाळेतल्या सशांमध्ये हा रोग प्रथम नोंदवला. ‘मिक्सा’ म्हणजे ग्रीकमध्ये शेंबूड. गाठींमधल्या बुळबुळीत द्रवावरून हे नाव पडलं. दक्षिण अमेरिकेतल्या स्थानिक रानटी सशाला या विषाणूने फारसं काही होत नाही. डास चावला तिथे एक गाठ येते, काही आठवडे राहते आणि जिरते. युरोपीय सशाच्या अंगात मात्र तोच विषाणू सर्वभर पसरतो. जगातले सगळे पाळीव ससे, मग तो लाल डोळ्यांचा पांढराशुभ्र असो की लोंबत्या कानांचा, याच युरोपीय जातीचे आहेत. इंग्रजीतल्या ‘रॅबिट’ आणि ‘हेअर’ या दोघांनाही मराठीत आपण ससाच म्हणतो, पण महाराष्ट्राच्या माळावरचा रानससा, म्हणजे ‘हेअर’, हा निराळा प्राणी. रानसशांच्या जातींना हा रोग सहसा होत नाही असं बरीच वर्षं मानलं जात होतं. २०१८ मध्ये स्पेनमध्ये या विषाणूचा एक नवा संकरित प्रकार तिथल्या रानसशांत पसरला आणि ती समजूत मोडली.

डासाच्या अंगात हा विषाणू वाढत नाही. आजारी सशाच्या गाठीत खुपसलेली सोंड दुसऱ्या सशाला टोचली, की माखलेल्या सुईसारखं काम होतं. ब्रिटनमध्ये हेच काम मुख्यतः सशाच्या पिसवा करतात. आजारी सशाजवळ राहूनही लागण होऊ शकते. लागण झाल्यापासून साधारण ४ ते १० दिवसांत, कधी दोन आठवड्यांनी, लक्षणं दिसतात. विषाणू कातडीतून जवळच्या लसीका ग्रंथीत शिरतो आणि रोगाशी लढणाऱ्या पेशींमध्येच ठाण मांडतो. पेशी एकमेकींना धोक्याचे जे रासायनिक निरोप पाठवतात, ते अडवणारी प्रथिनं तो स्वतः बनवतो. मग एरवी धडधाकट सशाच्या नाकातही गुपचूप बसलेले पाश्चुरेलासारखे जिवाणू मोकाट सुटतात आणि फुप्फुसात उतरतात. म्हणूनच विषाणूवर काडीचाही उपयोग नसलेली प्रतिजैविकं या आजारात द्यावी लागतात. विषाणूला मारणारं औषध आजही पशुवैद्याकडे नाही. शुश्रूषेचं काम एवढंच, की सशाच्या शरीराला लढायला हवे तितके दिवस मिळवून द्यायचे.

हे दिवस मिळतील का, हे बहुतेक वेळा लशीवर ठरतं. ऑस्ट्रेलियात सशांचा सुळसुळाट आवरण्यासाठी १९५० मध्ये हा विषाणू मुद्दाम सोडला, तेव्हा लागण झालेल्या शंभरातले नव्याण्णवांहून अधिक ससे मेले. त्याच सुमारास मरे नदीच्या खोऱ्यात माणसांमध्ये मेंदूज्वराची साथ आली आणि लोकांनी बोट या विषाणूकडे दाखवलं. तेव्हा फ्रँक फेनर, मॅकफार्लेन बर्नेट आणि इयान क्लुनीज रॉस या तीन शास्त्रज्ञांनी तो स्वतःच्या अंगात टोचून घेतला. कुणालाही काही झालं नाही. माणसाला, कुत्र्याला, मांजराला याची बाधा होत नाही, तेव्हा आजारी सशाला बिनधास्त मांडीवर घ्यावं. पुढच्या काही वर्षांत विषाणू थोडा सौम्य झाला, कारण फार लवकर मरणाऱ्या सशाकडून डासांना तो उचलायला वेळच मिळत नाही. रानातले ससेही पिढ्यान् पिढ्या काटक होत गेले. या काटकपणाचा वारसा पाळीव सशांकडे आलेला नाही. त्यांच्यासाठी हा विषाणू जवळजवळ १९५० इतकाच जहाल आहे.

ब्रिटनमध्ये पाच आठवड्यांच्या पिल्लापासून लस देता येते. तिचा परिणाम तीन आठवड्यांत येतो आणि ती दरवर्षी घ्यावी लागते. लस घेतलेल्या सशालाही कधी लागण होते, पण त्याला बहुधा चेहऱ्यावर, कानांवर थोड्या गाठी येतात, डोळे थोडे सुजतात आणि तो खातपीत राहतो. अशा सशाची घरी मन लावून शुश्रूषा केली तर तो बरा होण्याची आशा चांगली असते. लस न घेतलेल्या सशाचं सगळं तोंड सुजलं आहे, तो मान वर ताणून धापा टाकतो आहे, खाणं पूर्ण सुटलं आहे, अशा वेळी बहुतेक पशुवैद्य दयामरण सुचवतात. ते हात झटकणं नव्हे. त्या अवस्थेतून पुढचे दिवस तो फक्त सोसणार असतो. कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्याकडचा प्रकार तर इतका जहाल, की गाठी उठायच्या आतच ससा जाऊ शकतो. आणि अमेरिकेत मिक्सोमॅटोसिसची लस मिळत नाही. ऑस्ट्रेलियातही पाळीव सशांना ती देण्याची परवानगी नाही. तेव्हा मेलबर्नमधल्या किंवा सॅन होजेमधल्या मराठी घरात ससा असेल, तर पिंजऱ्याला बारीक जाळी, संध्याकाळी ससा घरात आणि पिसवांचं औषध वेळच्या वेळी, एवढंच संरक्षण हाती उरतं.

आता शुश्रूषा. तिच्यातल्या बऱ्याचशा चुका क्रम चुकल्याने होतात. ससा खात नाही म्हणून लोक घाबरून आधी तोंडात सिरिंज घालतात. पण ससा श्वास जवळजवळ फक्त नाकानेच घेतो. नाक चोंदलेलं असताना तोंडात लगदा गेला, तर गिळायचं की श्वास घ्यायचा अशी त्याची कोंडी होते आणि लगदा फुप्फुसात जातो. शिवाय चोंदलेल्या नाकाला वास येत नाही आणि वास न आलेलं अन्न ससा सहसा तोंडात घेत नाही. म्हणून आधी नाक. कोमट सलाइनमध्ये भिजवलेल्या कापसाने नाकपुड्यांवरची खपली मऊ करून पुसायची, ओढून काढायची नाही. मग नेब्युलायझर: सशाला त्याच्या नेहमीच्या वाहतुकीच्या पेटीत बसवायचं, पेटीवर पातळ टॉवेल टाकायचा आणि ०.९ टक्के सलाइनचे बारीक तुषार १० ते १५ मिनिटं सोडायचे, दिवसातून दोनतीनदा. उकळत्या पाण्याची वाफ नको. ससा भाजतो आणि त्याच्या अंगाचा ताप वाढतो.

मग डोळे. प्रत्येक डोळ्याला वेगळा कापूस. कोमट ओला कापूस दोन मिनिटं नुसता धरून ठेवला की चिकटलेल्या कडा सुटतात. मग नाकाकडच्या कोपऱ्यापासून बाहेरच्या बाजूला पुसायचं. मलम पशुवैद्याने दिलेलंच लावा आणि त्यात स्टेरॉइड नाही ना, हे विचारून घ्या. स्टेरॉइड उरलीसुरली प्रतिकारशक्तीही दाबतं, सशांमध्ये तर फारच. गाठी फोडू नका. फोडली की जखम होते आणि आतला विषाणू सगळीकडे पसरतो.

त्यानंतर वेदनाशामक. दुखत असलं की सशाचं आतडं मंदावतं, म्हणून हे औषध आतड्याचंही आहे. मेलॉक्सिकॅम सशाला कुत्र्यामांजराच्या हिशेबाने दिलं तर कमी पडतं आणि अंगातलं पाणी कमी झालेल्या सशाला दिलं तर मूत्रपिंडाला इजा करू शकतं. मात्रा पशुवैद्यानेच ठरवायची, दोन्ही कारणांसाठी. ॲमॉक्सिसिलिन, क्लिंडामायसिन यांसारखी माणसांची प्रतिजैविकं सशाला तोंडाने कधीही देऊ नका. ती पोटातले उपयोगी जिवाणू मारतात आणि वाईट जिवाणूंचं विष सशाला मारतं.

औषधानंतर अर्ध्या तासाने खाणं. आधी आपलं आपण खातो का बघा: वासाची कोथिंबीर, पुदिना, तुळस ओठांना लावा, सुकं गवत नाकाशी धरा. मिटल्या डोळ्यांच्या सशाला समोर ठेवलेली वाटी कळत नाही; पुष्कळ ससे ‘खात नाहीत’ असं वाटतं तेव्हा त्यांना खाणं सापडलेलं नसतं. वाटी आणि पाणी रोज त्याच जागी ठेवा, हात लावण्याआधी आवाज द्या. तरीही खाल्लं नाही तर आजारी सशांसाठी मिळणारी तंतुमय पूड एक भाग आणि कोमट पाणी दोन भाग असा लगदा करा. दिवसाला किलोमागे साधारण ५० मिली लागतो. दोन किलोच्या सशाला १०० मिली, म्हणजे २० मिलीचे पाच घास-वेळा, त्यातली एक रात्री उशिरा. रात्रीअपरात्री पूड नसेल तर त्याचाच नेहमीचा गोळ्यांचा खुराक गरम पाण्यात भिजवून, घोटून, गाळून चालतो. तांदळाची पेज, दूध, बिस्किट, साखरपाणी मात्र नाही. पिष्ट आणि साखर त्याच्या मोठ्या अंधांत्रात, म्हणजे मोठ्या आतड्याच्या सुरुवातीच्या पिशवीत, आंबतात आणि गॅस धरतो.

सशाला टॉवेलात गुंडाळून पोटावर बसलेलाच ठेवायचा, पाठीवर कधीही उताणा नाही. पुढच्या दातांच्या मागे जी मोकळी फट असते तिथून सिरिंज आडवी आत घालायची, सरळ घशाच्या दिशेने नव्हे. एका वेळी अर्धा ते एक मिली. तो चावून गिळेपर्यंत थांबा. मोठ्या सिरिंजने घाई करण्यापेक्षा एक मिलीच्या सिरिंजने अर्धा तास लागला तरी चालेल. पोट नगाऱ्यासारखं ताठ आणि फुगलेलं असेल तर काहीही भरवू नका, तेव्हाच्या तेव्हा दवाखाना गाठा. आतडं तुंबलेलं असू शकतं. पाणी, लगदा, पाला सगळं धरून दिवसाला किलोमागे १०० मिलीच्या आसपास द्रव जायला हवा. जात नसेल तर पशुवैद्य कातडीखाली सलाइन सोडतात. ते घरी कसं द्यायचं हेही शिकवतात.

ऊब इथे शेवटी सांगितली असली तरी ती भरवण्याआधीच द्यायची. हा यातला सर्वांत स्वस्त आणि सर्वांत दुर्लक्षित उपचार. ऑस्ट्रेलियात १९५९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत थंड जागेतले ससे या रोगाने जास्त मेले आणि उबदार जागेतले जास्त वाचले. म्हणून बागेतल्या पिंजऱ्यातून त्याला घरात आणा आणि खोली २१-२२ अंश सेल्सिअसच्या खाली जाऊ देऊ नका. निम्म्या अंथरुणाखाली टॉवेलात गुंडाळलेली गरम पाण्याची पिशवी ठेवा, उरलेलं अर्धं थंड, म्हणजे त्याला सरकता येईल. वायरचा पॅड कुरतडला जातो. अति करू नका. ससा घामाने अंग निववू शकत नाही, कानांतून उष्णता सोडतो आणि त्याचे कान आता सुजलेले आहेत. खोली २८-३० अंशांवर गेली तर उष्माघाताची भीती. सशाचं स्वतःचं तापमान ३८.५ ते ४० अंश हे ठीक. ३८ च्या खाली उतरलं तर ते तापापेक्षाही वाईट लक्षण.

रोज सकाळी किचनच्या वजनकाट्यावर वजन, आणि लेंड्या मोजणं. दोन्ही वहीत लिहा. लेंड्या बारीक, कोरड्या, कमी होत गेल्या तर आतडं थांबत चाललं आहे. बारा तास खाणं नाही आणि लेंड्याही नाहीत, ही तातडीची वेळ. उपाशी सशाच्या यकृतात चरबी साठायला लागते. सुजलेल्या जागेमुळे लघवी मांड्यांवर ओघळते. तो भाग दिवसातून दोनदा धुऊन कोरडा करा आणि केसांत बोटं घालून बघा, कारण ओल्या केसांत माशी अंडी घालते आणि एका दिवसात अळ्या पडतात. पिसवांसाठी सशाला चालणारं इमिडाक्लोप्रिडसारखं औषध पशुवैद्याला विचारून लावा. कुत्र्याचं फिप्रोनिल लावू नका. सशाला त्याने झटके येऊन मरण येतं.

भारतात हा विषाणू रुजलेला नाही. पुण्यात किंवा नागपुरात सशाच्या नाकावर, कानांच्या कडांना खरखरीत खपल्या धरल्या असतील तर ती बहुधा खरूज असते, आणि वाहतं नाक बहुधा पाश्चुरेलाचं. पण न खाणाऱ्या सशाला भरवण्याची ही रीत तिथेही जशीच्या तशी लागू पडते.

बरं व्हायला सौम्य आजारात दोनतीन आठवडे, तर जोराच्या आजारात दोनतीन महिने लागतात. गाठी सुकतात, त्यांच्या काळ्या खपल्या गळतात, त्या जागी काही काळ टक्कल राहतं. गळलेल्या खपल्यांत विषाणू महिनोन् महिने जिवंत राहू शकतो, म्हणून अंथरूण पिशवीत बांधून टाकून द्या. पिंजरा आधी साबणाने घासा, मग एक भाग घरगुती ब्लीच आणि दहा भाग पाणी लावून दहा मिनिटं ठेवा, धुवा, कडक वाळवा. वजन मात्र खपल्या गळल्यावरही आठवड्यातून एकदा करत राहा, आजाराआधीचा आकडा पुन्हा दिसेपर्यंत.