घरगुती सौरछत : करसवलत व अनुदान (खानदेश)

घराच्या छतावर वीजनिर्मितीसाठी सौर पॅनेल बसवणाऱ्या ग्राहकाला मिळणारी सरकारी मदत. भारतात ती मुख्यतः दोन वाटांनी येते : थेट अनुदान आणि जीएसटीचा कमी दर. राहत्या घराच्या सोलरला आयकरात वजावट नाही. विक्रेते ज्या 40 टक्के घसाऱ्याचा (यंत्राच्या झिजेपोटी नफ्यातून वजा होणाऱ्या रकमेचा) दाखला देतात, तो धंद्याच्या हिशेबात दाखवलेल्या संयंत्राला मिळतो, जसे जळगावची एखादी दालमिल किंवा जिनिंग. तिथेही पहिल्या वर्षी वापर 180 दिवसांहून कमी झाला तर घसारा निम्माच. पगारदार शिक्षकाला किंवा रावेरच्या केळी बागायतदाराला घरच्या सोलरपोटी विवरणपत्रात काही दाखवता येत नाही.

अनुदान ‘पीएम सूर्यघर : मुफ्त बिजली योजने’तून मिळते (फेब्रुवारी 2024पासून). पहिल्या दोन किलोवॅटना प्रत्येकी 30,000 रुपये, तिसऱ्याला 18,000; पुढे कितीही वाढवले तरी 78,000च. दारिद्र्यरेषेखालील ग्राहकाला एक किलोवॅटसाठी राज्याच्या ‘स्मार्ट’ योजनेतून आणखी 17,500 मिळतात. नंदुरबारच्या दृष्टीने ही तरतूद मोलाची.

जीएसटीची सूट मात्र बिलातच मुरते, म्हणून ती तपासून घ्यावी लागते. सोलरच्या कंत्राटात 70 टक्के रक्कम वस्तूंची व 30 टक्के सेवेची धरतात. 22 सप्टेंबर 2025पासून वस्तूंवरचा दर 12वरून 5 टक्क्यांवर आला. सेवेवरचा 18 टक्केच राहिला. करापूर्वी 1,80,000 रुपये किमतीच्या तीन किलोवॅट संचावर पूर्वी 24,840 रुपये कर पडे, आता 16,020. कोटेशनमध्ये ‘सर्व करांसह’ एवढेच लिहिले असेल तर हे 8,820 रुपये कोणाच्या खिशात गेले ते कळत नाही.

अर्ज राष्ट्रीय पोर्टलवर महावितरणच्या ग्राहक क्रमांकाने होतो. मग नोंदणीकृत विक्रेता निवडणे, उभारणी, नेट मीटर (घेतलेली व परत दिलेली वीज मोजणारे), तपासणी आणि शेवटी बँक खात्याचा तपशील. अनुदान सर्वांत शेवटी येते, त्यामुळे आधी रोख किंवा कर्जाची सोय हवी. गाडी अडते ती बहुधा कागदावर. गावाकडे वीजबिल वारलेल्या आजोबांच्या नावावर असते आणि बँक खाते नातवाचे. अर्जाआधीच बिलावरचे नाव बदलून घ्यावे. खाली दुकान, वर घर असेल तर दुकानाच्या व्यापारी मीटरवर अनुदान नाही. घरगुती जोडणीच लागते.

दुसरी अडचण पॅनेलची. अनुदानासाठी सेल (पॅनेलमधल्या वीज बनवणाऱ्या चकत्या) व पॅनेल दोन्ही भारतात बनलेले लागतात. आयात सेलचे पॅनेल स्वस्त पडते आणि छतावर चढल्यावर वेगळे ओळखू येत नाही. पॅनेल खाली असतानाच मागच्या स्टिकरवरचा अनुक्रमांक टिपून भारतीय बनावटीच्या प्रमाणपत्राशी पडताळावा.

एका किलोवॅटला साधारण 100 चौरस फूट सावलीविरहित जागा लागते आणि वर्षाची सरासरी दिवसाला चार युनिटच्या आसपास पडते. पॅनेल दक्षिणेला तोंड करून, सुमारे 20 अंश कलते बसवतात. भुसावळ-जळगावकडे मे महिन्यात ऊन भरपूर असूनही उत्पादन घटते, कारण सेल 65 अंशांपर्यंत तापला की क्षमता 14 ते 16 टक्क्यांनी उतरते. पॅनेलखाली वारा खेळता ठेवावा. पण ढाचा उंच नेला की केळीच्या बागा झोपवणाऱ्या वादळी वाऱ्याचा जोर त्यावर येतो, म्हणून पायाचे नटबोल्ट स्लॅबमध्ये पक्के रोवलेले हवेत. लाकूड-मातीच्या धाब्यात ते धरत नाहीत आणि भोकांतून पावसाळ्यात गळती लागते. तिथे भिंतीबाहेर जमिनीतून खांब घेणेच बरे. बोअरच्या जड पाण्याने धुतल्यास काचेवर पांढरे थर धरतात. धुवायचे ते सकाळी, काच थंड असताना.

वापरून उरलेल्या, वाहिनीत गेलेल्या युनिटांचा हिशेब 31 मार्चला होतो आणि मोबदला बिलातल्या दरापेक्षा बराच कमी असतो, म्हणून संच वर्षाच्या वापराएवढाच घ्यावा. बॅटरीविना ऑन-ग्रिड (महावितरणच्या वाहिनीला जोडलेला) संच वाहिनीत वीज नसताना भर दुपारीही बंद पडतो, कारण लाइनवर काम करणाऱ्या वायरमनच्या जिवाला उलट्या प्रवाहाचा धोका असतो. धडगाव-मोलगीसारख्या वारंवार वीज जाणाऱ्या भागात त्यामुळे हायब्रिड (वाहिनी व बॅटरी दोन्हींवर चालणारा) इन्व्हर्टर लागतो. त्याच्या बॅटरीसाठी वेगळे अनुदान नाही.