कुंडीतलं झुरळ: सगळ्या माद्याच, नर नाहीच

गच्चीवर बाग करणाऱ्यांच्या ग्रुपवर पावसाळ्यात एक फोटो हमखास येतो, कुंडी उलटी केलीय आणि मातीतून काळपट किडे सैरावैरा पळतायत. खाली उत्तरांचा पाऊस, कुणी हुमणी म्हणतं (हुमणी पांढरी असते हो), कुणी थेट औषधाचं नाव टाकून मोकळं होतं. बहुतेक वेळा हे असतं सुरीनाम झुरळ, शास्त्रीय नाव पिक्नोसेलस सुरिनामेन्सिस.

ओळखायला सोपंय. गटारातून येणारं ते मोठं लालसर झुरळ साडेतीन-चार सेंटीमीटरचं असतं, किचनमधलं छोटं जर्मन झुरळ जेमतेम दीड सेंटीमीटर आणि त्याच्या मानेमागच्या ढालीवर दोन काळ्या उभ्या रेघा. हे दोघांच्या मधलं, दोन-अडीच सेंटीमीटर. ढाल काळी चकचकीत, पुढच्या कडेला फिकट पिवळसर किनार, आणि पंख मात्र मळकट तपकिरी. पिल्लांना पंख नसतात त्यामुळे लोक फसतात, पण भिंग घेऊन बघा, पिल्लाचा पुढचा भाग पॉलिश केल्यासारखा चमकतो आणि पोटाचा मागचा भाग एकदम मॅट, खरखरीत. एवढं दिसलं की शंका नको. शिवाय माती हलवली की हे लांब पळत बसत नाही, डोकं खाली घालून परत मातीतच घुसतं.

आता खरी गंमत. यांच्यात नर जवळपास नसतातच, चुकून एखादा सापडला तरी प्रजननात त्याचा काही उपयोग नाही. मादी नराशिवायच पिल्लं देते आणि ती सगळी माद्याच, जवळजवळ आईची कॉपी. अंड्यांची पिशवी तयार होते, थोडी बाहेर येते आणि मग मादी ती परत पोटात ओढून घेते, पिल्लं आतच वाढतात आणि जिवंत बाहेर येतात, एका वेळी वीस-पंचवीस तरी. म्हणजे नर्सरीतून आणलेल्या रोपाच्या मातीत एकच पिल्लू आलं तरी पुरे, जोडीदार शोधायची भानगडच नाही! याच जोरावर हे जगभर पसरलं, थंड देशांत बाहेर टिकत नाही तर तिथल्या ग्रीनहाऊसमध्ये जाऊन बसलं. नावावर जाऊ नका, स्वीडिश शास्त्रज्ञ लिनियसने १७५८ मध्ये नाव दिलं तेव्हा सुरीनामचा उल्लेख आला, पण मूळ आपल्याच बाजूचं, भारत ते आग्नेय आशिया. याची नर-मादी दोन्ही असलेली मूळ जात पिक्नोसेलस इंडिकस, तिच्यातूनच हे माद्यांचे वंश निघाले.

खाणं म्हणजे मुख्यतः कुजका पाला, शेण, किचन वेस्ट. त्यामुळे कंपोस्टच्या ड्रममध्ये दिसलं तर मी तरी सोडून देते, तिथे ते कामच करतंय. संख्या फार वाढली की मात्र कोवळी मुळं आणि खोडाची साल कुरतडतं, अमेरिकेत ग्रीनहाऊसमधल्या गुलाबांचं असं नुकसान झालेलं आहे. कुंडीत वरची माती दोन पाण्यांच्या मध्ये सुकू द्या, ओल्या पाल्याचा जाड थर काढा, अर्धकच्चं खत घालू नका, एवढ्याने बरीच कमी होतात. कोथिंबीर-मिरचीच्या कुंडीत झुरळाचा स्प्रे मारणं म्हणजे तो स्वतःच खाणं, ते करू नका.

आणि परसात कोंबड्या असतील तर हे नक्की वाचा. कोंबडीच्या डोळ्यात राहणारा एक कृमी आहे, ऑक्सिस्पायरुरा मॅन्सोनी, त्याची अंडी विष्ठेतून बाहेर पडतात, झुरळ ती खातं, अळी झुरळात वाढते. कोंबडीने झुरळ टिपलं की अळी अन्ननलिकेतून वर तोंडात येते आणि अश्रूनलिकेतून थेट डोळ्यात! मग डोळा सुजतो, पाणी गळतं. माणसाला यातून सहसा काही होत नाही, पण कोंबड्यांना कंपोस्टचा ढीग उकरू देत असाल तर मध्ये जाळी लावून घ्या.