रस्ता रात्रीत होतो, मग धावपट्टीला वर्ष का?

ऑक्टोबर २०२१. दिवाळी दोन-अडीच आठवड्यांवर आलेली आणि पुण्याचा लोहगाव विमानतळ धावपट्टीच्या डांबरीकरणासाठी १६ ते २९ तारखेपर्यंत पूर्ण बंद. त्याआधीही, २६ ऑक्टोबर २०२०पासून, याच कामासाठी रात्री आठ ते सकाळी आठ विमानांची ये-जा थांबवलेलीच होती. दिल्लीला जायचं तर आधी शिवनेरीनं मुंबई गाठा! साहजिकच पुणेकरी शंका निघाली: आमच्या गल्लीचं डांबरीकरण एका रात्रीत उरकतं, मग यांना एवढा वेळ कशाला? (गल्लीतला रस्ता पुढच्या महिन्यात पाइपलाइनसाठी पुन्हा उकरतात, ते सोडा.)

एक कारण सरळ आहे. लोहगावची धावपट्टी एकच, २,५३५ मीटरची. ती हवाई दलाची आहे. सुखोई तिथूनच उडतात आणि आपली प्रवासी विमानंही. ती उकरली की दुसरी वाट नाही. खरी गंमत मात्र डांबरात आहे.

डांबर म्हणजे चिक्कीसाठी कढवलेला गूळ समजा. झटकन आपटला तर दगडासारखा, सावकाश दाबला तर वाकतो. डांबराचाच भाऊबंद असलेला एक काळा पदार्थ ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँड विद्यापीठात १९२७पासून नरसाळ्यात ठेवलाय. हातोडीनं तो फुटतो, पण नरसाळ्यातून गळतोही. २०१४पर्यंत थेंब पडले नऊ!

आता यावर विमान उभं करा. एअरबस ए३२०चं पूर्ण भरलेलं वजन ७८ टनांच्या आसपास, आणि त्यातलं बहुतेक मुख्य चार चाकांवर. म्हणजे एका चाकावर अठरा टन. टायरमधल्या हवेचा दाब मोटारीच्या सहापट. आपल्याला वाटतं, विमान दाणकन टेकतं तिथे पट्टी सर्वांत जास्त दबत असेल. टायरचं रबर तिथे जळून चिकटतं हे खरं, पण त्या क्षणी बराचसा भार अजून पंखांवर असतो आणि चाक इतक्या वेगानं पुढे जातं की डांबराला हलायला सवडच मिळत नाही. जास्त हाल होतात ते टोकाला, जिथे इंधन भरलेलं विमान परवानगीची वाट बघत उभं राहतं. एप्रिलच्या उन्हात तर विचारूच नका.

असा भार पेलायचा तर थर एकजीव हवा, आणि रात्रीच्या कामात नेमकं तेच अवघड होतं. खडी-डांबराचं मिश्रण १५० अंशांच्या आसपास गरम असताना पसरतात. ते ८० अंशांच्या खाली गेलं की रोलर कितीही फिरवा, दबत नाही. पेव्हर यंत्र एका वेळी एकच पट्टा टाकतं. काल रात्री थंड झालेल्या कडेला आज गरम माल टेकवला, तर तो सांधा कच्चा राहण्याची भीती असते. पावसाळ्यात पाणी तिथूनच शिरतं आणि खडी सुटते. रस्त्यावर सुटलेल्या खडीचा खड्डा होतो. इथे तीच खडी जेट इंजिनात ओढली जाते.

शिवाय सकाळी विमानं यायचीच असतात. जुनी पट्टी आणि नवा थर यांच्यामध्ये पायरी ठेवून चालत नाही, म्हणून रोज पहाटे तिथे तात्पुरता उतार करावा लागतो. आंतरराष्ट्रीय नियमानुसार पाच सेंटीमीटरपर्यंतच्या थराला हा उतार एक टक्क्याहून तीव्र नको. म्हणजे बोटभर उंचीसाठी किमान पाच मीटर लांबी! थर आणखी जाड असेल तर उतार अर्ध्या टक्क्याच्या आतच. काम कुठल्या टोकाकडून सुरू करायचं हेसुद्धा, बहुतेक विमानांना हा उतार चढावा न लागता उतरावा लागेल, असं बघून ठरवतात. दुसऱ्या रात्री तोच उतार कापून काढायचा आणि पुढे सरकायचं. शेवटी खडा न् खडा वेचायचा, पांढऱ्या खुणा रंगवायच्या, दिवे तपासायचे. बारा तासांतले प्रत्यक्ष डांबर घालायचे किती उरतात, बघा.

सलग बंदमध्ये रोजचा उतार वाचतो. दोन-तीन पेव्हर थोड्या अंतरानं शेजारी चालवले तर गरम कडेला गरम कड मिळते आणि थंड सांधे कमी होतात. ऑक्टोबरही त्यासाठी सोयीचा: पाऊस सरलेला, पण माल लगेच गार व्हावा इतकी थंडी अजून नाही.

३० ऑक्टोबरला विमानं परतली. रात्रीची मात्र १ डिसेंबरपासून, म्हणजे दिवाळीच्या गर्दीला मुंबईचा हेलपाटा चुकला तो फक्त दिवसा.